मिशीवाले मासे आणि टोकेकर अंकल

आईचं दुसरं लग्न झालं आणि आमच्या घरात पाण्याचा आवाज राहायला आला. त्याआधी घर अगदी गप्प असायचं. बाबा गेल्यापासून आई आणि मी, दोघीच. इंदूरच्या विजय नगरमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये सकाळी कचरा गाडीचं गाणं यायचं, एकाआड एक दिवस नर्मदेचं पाणी आलं की खालची मोटर घरघरायची, आणि बाकी दिवसभर शेजारच्या टीव्हीतली भांडणं भिंतीतून ऐकू यायची. टोकेकर अंकल दोन सुटकेसी आणि तीन काचेच्या टाक्या घेऊन आले, आणि त्या दिवसापासून बाबांच्या खोलीतून बुडबुड्यांचा आवाज अखंड येऊ लागला. छोटा पंप, त्याच्या नळ्या, नळ्यांच्या टोकाला बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड. मी माझ्या खोलीत उशी कानावर घेऊन पडायची तरी तो यायचा. मला वाटायचं, हा माणूस काहीतरी लपवायला म्हणून हा आवाज करतो.

बाबांची खोली म्हणजे फार काही नव्हतं. एक दिवाण, बॅडमिंटनच्या रॅकेट, त्यांचा जुना रेडिओ, भिंतीवर त्यांच्या ऑफिसच्या क्रिकेट टीमचा फोटो. टोकेकर अंकलनी आईला विचारलं, मासे कुठे ठेवू. आईनं मला विचारलं. मी म्हटलं, "ठेवा न जिथं ठेवायचे तिथं, मला काय विचारता?" मग रॅकेट आणि रेडिओ माझ्या खोलीत आले, फोटोही आला, आणि त्या खोलीला 'माशांची खोली' असं नाव पडलं. मी ते नाव कधी घेतलं नाही. माझ्या तोंडी ती 'ती खोली' होती.

माणूस दिसायला अगदी साधा. पन्नाशीच्या आतबाहेर, सडपातळ, कानामागे पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा. पीथमपूरच्या एका दवाइयांच्या फॅक्टरीत तपासणीच्या विभागात होते, सकाळी कंपनीच्या बसनं जायचे, संध्याकाळी परत. आधी लग्न केलेलं नव्हतं. आई शिकवायची त्या शाळेतल्या एका बाईंनी मध्ये पडून हे जमवलं होतं. बोलायचे फार कमी, आणि जे बोलायचे ते छापल्यासारखं. जेवताना 'भाजी छान झालीय' एवढं एक वाक्य रोज. चांगली झाली नसली तरी. मला तेव्हा ह्याचासुद्धा संशय यायचा. करपलेल्या गिलक्याला छान म्हणणारा माणूस आणखी कशाकशाला छान म्हणत असेल, कोण जाणे.

त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न आईनं माझ्यावर सोडला होता. मी पहिल्याच दिवशी 'टोकेकर अंकल' म्हटलं. आडनावासकट, म्हणजे कोणाला गैरसमज नको. त्यांनी मान हलवली, जसं काही मी त्यांना बसची वेळ सांगितली.

ह्या सगळ्यावर अण्णाकाकांचं बारीक लक्ष होतं. अण्णाकाका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, बड़ा गणपतीच्या देवळाजवळ राहायचे. आई लग्न करते म्हटल्यावर त्यांनी आईशी बोलणं टाकलं होतं, पण माझ्याशी ते पूर्वीपेक्षा जास्त गोड झाले. माझ्या कोचिंग क्लासबाहेर स्कूटर लावून उभे राहायचे. हातात गरम कचोरीची पुडी, तेलानं पारदर्शक झालेली. "क्या केतू बेटा, काय हालचाल?" म्हणायचे. मी केतकी, पण बाबांच्या घरचे सगळे मला केतूच म्हणत. आम्ही तिथंच फुटपाथवर उभं राहून कचोरी खायचो आणि ते विचारायचे.

"घरात काय चाललंय?"

"काही नाही. ते मासे पाळतात."

"मासे! खातो का?"

"नाही काका. काचेत ठेवतात. बघायला."

"बघायला," काका म्हणायचे आणि कचोरीचा तुकडा तोंडात तसाच धरून विचार करायचे. "हे बघ बेटा, बाई भोळी असते. तुझी आई तर फारच. तू आता लहान नाहीस. अपन नजर ठेवायची, बस्स. तो कुठं जातो, काय आणतो, कोणाला फोन करतो. तुझ्या बापाचं घर आहे ते. समजलं न?"

मला समजलं होतं. आज इतक्या वर्षांनी वाटतं, की कोणीतरी मला एक काम दिलं होतं ह्याचाच मला आधार झाला होता. बाबा गेल्यावर सगळे मला नुसते 'बिचारी' म्हणायचे. काकांनी मला पहारेकरी केलं.

मग मी बघू लागले. त्यांची चप्पल कुठे असते, ती किती वाजता हलते. फोन वाजला की नाव काय येतं. आई आणि ते स्वयंपाकघरात असले की मी पाणी प्यायला जायची. तहान नसताना इतकं पाणी मी आयुष्यात कधी प्यायले नाही. फ्रिजमध्ये आंब्याच्या लोणच्यामागे एक डबी होती, झाकणावर फक्त एक फुली. एकदा मी ती उघडली तर आत करड्या खिचडीसारखं काहीतरी, आणि ते हलत होतं. बारीक, दोऱ्याहून बारीक किडे, हजारो. मी डबी तशीच टाकून बाथरूममध्ये पळाले. आई म्हणाली, "अगं, माशांच्या पिलांसाठी आहे ते. ओट्समध्ये वाढवतात." मी म्हटलं, कोणती पिलं? पिलं तर अजून एक पण नाही. आई म्हणाली, "होतील तेव्हा लागतील न. आधीपासून तयार ठेवावं लागतं म्हणे."

आणि निळी बाटली. ती त्या खोलीतल्या वरच्या फळीवर असायची, काळ्या कागदात गुंडाळलेली. औषधांच्या फॅक्टरीतला माणूस, नाव नसलेली बाटली. त्याच दिवसांत आईला सकाळी चक्कर यायला लागली होती. रक्त कमी आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या, पण मी बाटली आणि चक्कर एकत्र ठेवून बघितली, आणि कोचिंगबाहेर काकांनाही सांगितलं. काकांचे डोळे मोठे झाले. "बाटलीत काय आहे ते शोधून काढ," ते म्हणाले.

मी शोधलं ते असं, की रविवारी पोहे खाताना सरळ विचारलं. पोह्यांवर शेव घालून, जीरावनचा मसाला भुरभुरून मी वर न बघता म्हटलं, "त्या काळ्या कागदात काय आहे?"

आईचा चमचा थांबला. टोकेकर अंकलनी माझ्याकडे बघितलं, मग उठले, खोलीत गेले आणि बाटली घेऊन आले. कागद सोडला. आत शाईसारखं गडद निळं. "अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून. उजेडात खराब होतं, म्हणून कागद," एवढं सांगून त्यांनी टोपण उघडलं, करंगळी बुडवली आणि ती करंगळी तोंडात घातली. आई ओरडली, "अहो!" ते म्हणाले, "थेंबभर आहे. काही होत नाही." मग जीभ बाहेर काढून मला दाखवली. निळीशार, पोळ्याच्या बैलाच्या शिंगासारखी. दातही निळे. मला हसू येईल असं वाटलं आणि मी ते दाबलं. तशाच निळ्या दातांनी ते दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले.

काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "शाणा आहे. शाणा माणूस असंच करतो." ते मला पटलं. जो आपणहून बाटली उघडून दाखवतो त्याचं खरं काही दुसऱ्या बाटलीत असतं, असं मी ठरवलं. संशयाची ही एक गंमत आहे. त्याला काहीही खायला दिलं तरी तो त्यावर वाढतो.

आता माशांचं सांगायला हवं. मोठे, रंगीत, मिरवणारे मासे त्यांच्याकडे नव्हतेच. तळाशी राहणारे, अंगठ्याएवढे, तांबूस-करडे, तोंडाशी मिशा असलेले कॅटफिश होते. दुकानदार त्यांना 'सफाईवाली मछली' म्हणून विकतात, खालचं उरलंसुरलं खातात म्हणून. दिवसभर वाळूत मिशा खुपसून काहीतरी शोधत असायचे, आणि मधूनच एखादा बाणासारखा वर जाऊन पाण्याबाहेरची हवा गिळून परत खाली यायचा. डोळे मात्र गमतीदार, फिरायचे. कधी एक डोळा खाली वळवून ते मिचकावल्यासारखं करायचे. मला वाटायचं, हेही माझ्यावर नजर ठेवून आहेत.

टोकेकर अंकलना ह्या माशांच्या अंड्यांतून पिलं काढायची होती. ह्यापूर्वी त्यांच्या भाड्याच्या खोलीत कधी जमलं नव्हतं, घरमालक पंपाची लाइट कापायचा. आता जागा होती, आई होती. इंदूरचा उन्हाळा संपत आला, आणि एके दिवशी त्यांनी टाकीतलं कोमट पाणी काढून थोडं गार पाणी घातलं. माशांना वाटतं पाऊस आला. आईनं मला हे सांगितलं, कारण ते मला काही सांगत नसत आणि मी विचारत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी आई दारात येऊन म्हणाली, "केतू, एकदा येऊन बघ तर खरं. बस एकदा."

मी उंबऱ्यावर उभी राहिले. मादी काचेवर तोंड घासत होती, जागा पुसून घेतल्यासारखी. पोटाखालचे दोन पर तिनं ओंजळीसारखे जुळवले होते आणि त्या ओंजळीत साबुदाण्याच्या दाण्यासारखी अंडी धरली होती. ती काचेला भिडली, थरथरली, आणि बाजूला झाली तेव्हा अंडी काचेला चिकटलेली होती. टोकेकर अंकल पाटावर बसले होते, बनियनवर, हात बाही नसताना बाही सरसावल्यासारखे वर धरलेले. "आता काढावी लागतील," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ठेवली तर हेच खाऊन टाकतील."

"कोण?" मी न राहवून विचारलं.

"आईबाप," ते म्हणाले. "त्यांना कळत नाही आपली आहेत ते."

बोटाच्या पेरानं एकेक अंडं काचेवरून गोल फिरवत त्यांनी सोडवलं, आणि एका प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलं. त्यात बारीक बुडबुडे सोडले, निळा थेंब टाकला. पाणी आकाशाच्या रंगाचं झालं. मी परत गेले, पण त्या दिवशी कोचिंगमध्ये माझं लक्ष लागलं नाही.

पुढच्या दिवशी ती सगळी पांढरी पडली होती. मेलेली. दुधात मीठ पडल्यावर फाटतं तशी धूसर. टाकीतले मोठे मासेही वर येऊन धापा टाकत होते. टोकेकर अंकल ऑफिसला गेले नाहीत. त्यांनी बाल्कनीतल्या बादलीत हात घातला, बोटं हुंगली. ती बादली फक्त माशांच्या पाण्याची, आणि आदल्या दिवशी टाकीत आणि डब्यात तिच्यातलंच पाणी गेलं होतं. नळाचं पाणी त्यात भरून ठेवायचं, एक दिवस उघडं राहू द्यायचं, मग वापरायचं, अशी शिस्त होती. मी दात घासत तिथंच उभी होते. त्यांनी विचारलं, "ह्या बादलीला साबण लागला होता का? कपड्यांना घेतली होती का कोणी?"

"मला नाही माहीत."

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. बस्स, एवढंच. पण मी महिनोन्महिने दुसऱ्यावर तीच नजर रोखून बसले होते, ती नजर मला ओळखता येत होती. त्यांना वाटलं होतं की मी काहीतरी टाकलं. माझ्या कानातून वाफ निघाली. मी काही केलं नव्हतं! अगदी केलं असतं अशी मी होते, हे खरं. पण केलं नव्हतं. मी ब्रश सिंकमध्ये आपटला, खोलीचं दार लावून घेतलं आणि रडले. सकाळचे पोहे खाल्ले नाहीत, दुपारी आईनं ठेवलेली वरणफळं खाल्ली नाहीत. मनात ठरवलं की संध्याकाळी काकांना फोन करून म्हणायचं, मला इथून घेऊन जा.

संध्याकाळी आई शाळेतून आली, तिला सगळं कळलं आणि ती कपाळावर हात मारून खाली बसली. बादली तिनंच भरली होती. आदल्या दिवशी झाडांना पाणी घालताना तिनं ती रिकामी केली आणि नर्मदा आली तशी ताज्या पाण्यानं भरून ठेवली, मदत म्हणून. पाण्याला त्या दिवशी दवाखान्यासारखा वास येत होता, क्लोरीन जास्त पडलं होतं. "मला काय माहीत यार," आई रडवेली होऊन म्हणत होती, "मला वाटलं, भरलेली दिसली तर तुम्हाला बरं पडेल."

मग माझ्या दारावर टकटक झाली. टोकेकर अंकल होते. दार मी थोडंच उघडलं. ते बाहेरच उभे राहिले, उंबऱ्यापासून एक पाऊल मागे, जसे ते नेहमीच राहायचे.

"क्लोरीन होतं पाण्यात," ते म्हणाले. "तुझं काही नव्हतं."

मी दाराची कडी धरून ठेवली.

"सकाळी मी तुझ्याकडे तसं बघितलं. ते माझं चुकलं. माफ कर."

एवढं बोलून ते गेले. मोठ्या माणसानं माझी माफी मागितल्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग. तीही बोललेल्या शब्दाची नव्हे, बघितल्याची. काकांना फोन केला नाही. पण माझा संशय गेला असं समजू नका. उलट मी जास्तच गोंधळले. आता हा माणूस माफी मागून काय मिळवतो, ह्याचा मी विचार करू लागले.

ह्यानंतर काही आठवड्यांनी बाबांचं श्राद्ध आलं. ते काका करायचे, त्यांच्या घरी. आईला ह्या वेळी बोलावणं येईल असं वाटलं नव्हतं, पण काकांनी माझ्या हाती निरोप दिला, दोघींनी या. निरोप द्यायला ते कोचिंगबाहेर आले तेव्हा कचोरीबरोबर आणखी एक गोष्ट बोलले. इकडेतिकडे बघून, आवाज खाली करून.

"काकूचे भाऊ येणारेत. वकील आहेत न ते. त्यांच्यासमोर तू फक्त एवढं म्हण, की त्या घरात मला बरं वाटत नाही. त्या माणसाची नजर चांगली वाटत नाही. इतकंच. पुढचं मी बघतो. तू इकडे येशील, आपल्या घरी. फ्लॅटचं पण बघू मग काय ते."

मी विचारलं, "नजर म्हणजे?"

"तुला कळतं नजर म्हणजे काय. मोठी झालीस आता."

कचोरी माझ्या हातातच गार झाली. मला एवढं कळत होतं की हे वाक्य एकदा तोंडातून निघालं की परत घेता येणार नाही. आणि अजून एक गोष्ट मला टोचली, जी त्या क्षणी मला धड शब्दांत सांगता आली नसती. संशय करायला शिकवलं काकांनीच, पण पहिल्यांदाच मला काकांचा संशय आला.

श्राद्धाच्या दिवशी सकाळीच माशांनी परत अंडी घातली होती. टोकेकर अंकल पाटावर बसून ती काढत होते. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मान वर केली. श्राद्धाबद्दल काहीच म्हणाले नाहीत. बाबांचं नाव त्यांनी आमच्या घरात कधीच घेतलं नव्हतं, आणि माझ्या जुन्या तक्रारींपैकी ती सगळ्यात मोठी होती. मला वाटायचं, ह्यांना बाबा पुसून टाकायचे आहेत.

काकांच्या घरी तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी, कढी. बाबांच्या फोटोला झेंडूचा हार. गुरुजी जेवून दक्षिणा घेऊन गेले, मग आम्ही जेवलो. काकूंनी आईला वाढताना तिच्याकडे बघितलं नाही. ताटं उचलली गेली, आणि वकील मामा आरामखुर्चीत सुपारी कातरत बसले तेव्हा काकांनी मला जवळ बोलावलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. आई भिंतीशी सतरंजीवर होती.

"केतू, सगळी घरचीच माणसं आहेत. घाबरायचं नाही," काका म्हणाले. "मला सांगतेस ते इथं सांग. तो माणूस तुझ्याशी कसा वागतो?"

आईनं मान वर केली. तिचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मी अजून विसरलेली नाही. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण तिनं स्वतःला धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. कारण तिलाही उत्तर हवं होतं. तिलाही.

मी म्हटलं, "काका, तुम्ही सांगितलंत म्हणून मी रोज बघितलं."

"हाव बेटा. बोल."

"ते माझ्या खोलीत कधी येत नाहीत. उंबऱ्याच्या आत पाय ठेवत नाहीत. काही सांगायचं असलं तर दार वाजवून बाहेर उभे राहतात. मी पॅसेजमध्ये असले तर आधी खाकरतात, मग येतात. आई नसली की जेवणाचं ताट घेऊन माशांच्या खोलीत जातात आणि मला टेबल सोडतात. माझा मोबाइल टेबलावर पडलेला असला तर पालथा करून ठेवतात, स्क्रीन दिसू नये म्हणून. आई आजारी होती तेव्हा रोज सकाळी तिच्यासाठी बीट किसायचे, आणि त्यांना किसता येत नाही, बोटं सोलायची." आता मला थांबता येत नव्हतं. "मी कोणी नसताना पण बघितलं. लपून बघितलं. मला काही वाईट सापडलं नाही, काका. सापडलं असतं तर मी सांगितलं असतं. सापडावं असंच मला वाटत होतं."

सुपारी कातरण्याचा आवाज थांबला. काकांचा हात माझ्या खांद्यावरून निघाला.

"शिकवून आणलंय हिला," ते वकील मामांना म्हणाले.

"मी नाही शिकवलं, अण्णा," आई भिंतीपासून म्हणाली. आवाज अगदी शांत. "शिकवत तर तुम्ही होतात."

"सुनंदा, तू मध्ये बोलू नकोस. मुलीच्या भल्याचं..."

"काका," मी म्हटलं, "तुम्ही मला एकदा पण विचारलं नाही, की खरंच तसं आहे का. फक्त काय म्हणायचं ते सांगितलंत. तसं खरंच असतं तर?"

वकील मामा उठले, अडकित्ता खुर्चीच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "अण्णाजी, ह्यात काही दम नाही. चलतो मी." जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्या घरात नंतर मी पुन्हा गेले ती थेट काकांच्या आजारपणात, आणि तेव्हाही ह्या दुपारचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. इतर सगळं नातं तुटलं. चुलतभावंडांच्या लग्नाच्या पत्रिका आल्या नाहीत, दिवाळीला कोणी बोलावलं नाही. बाबांच्या बाजूची सगळी माणसं मी त्या एका दुपारी गमावली. त्याचं मला दुःख नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. बाबांचे लहानपणचे किस्से फक्त काकांनाच माहीत होते, ते त्यांच्याबरोबरच गेले.

परत येताना आम्ही राजवाड्यापर्यंत चालत गेलो आणि सिटी बस धरली. खिडकीशी जागा मिळाली. मी विचारलं, "तुला माहीत होतं, मी काकांना सांगते ते?"

"हो न," आई म्हणाली. "तुझ्या दप्तराला कचोरीचा वास यायचा."

"मग काही म्हणाली का नाहीस?"

"म्हटलं, बघायचं आहे तर बघू दे हिला. मी 'ते चांगले आहेत' असं म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस का?" मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि मी पण काही देवाला विचारून लग्न केलं नव्हतं, केतू. मला पण वाटायचं, आपल्याला दिसत नसेल ते हिला दिसेल."

हे ऐकून मी सर्दच झाले. म्हणजे त्या घरात पहारा एकटी मीच देत नव्हते.

घरी पोचलो तेव्हा टोकेकर अंकल डब्याशी वाकून पांढरी पडलेली दोनचार अंडी वेगळी काढत होते, बाकीची वाचावीत म्हणून. आई आत गेली, दार लोटलं, ते दोघं हळू आवाजात बोलले. मी ऐकायला गेले नाही. पाणी प्यायलाही गेले नाही. नंतर ते बाहेर आले, आणि नेहमीसारखे माझ्या उंबऱ्यापासून एक पाऊल मागे थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला.

"तुझे बाबा," ते म्हणाले, "कसे होते? मला कधी विचारता आलं नाही. वाटायचं, आपण कोण विचारणारे."

मी त्यांना आत बसायला सांगितलं. ते खुर्चीच्या टोकावर बसले. मी बाबांबद्दल बोलू लागले. बाबा रविवारी सायकलवर बसवून कसे न्यायचे, रेडिओ मांडीवर घेऊन मॅच कशी ऐकायचे, हरल्यावर कसे जेवायचे नाहीत. ते अधूनमधून एखादा प्रश्न विचारायचे, आणि प्रश्न बरोबर असायचा, म्हणजे त्यांनी आधीचं ऐकलेलं असायचं. आईनं चहा आणून ठेवला आणि तिथंच माझ्या पलंगावर बसली. तिलाही ठाऊक नसलेली एक गोष्ट मी सांगितली, बाबांनी मला पोहायला शिकवताना स्वतःच पाणी गिळलं होतं ती. आई हसता हसता रडायला लागली. टोकेकर अंकल उठले आणि पंप तपासायला गेले. तो तपासायची काही गरज नव्हती.

संशय एका दिवसात जात नाही. माझी सवय पुढेही बराच काळ राहिली. डबी उघडून बघायची, फोनकडे कान लावायचा, मग आपलं आपल्यालाच हसू यायचं. पण आता मी उंबऱ्यावर उभी न राहता त्या खोलीत जाऊ लागले. डब्यातली अंडी पिवळसर, मग मधासारखी झाली. मग प्रत्येकात एक काळा ठिपका दिसू लागला. डोळे, ते म्हणाले. अंड्यातून कोणीतरी बघतंय.

एका सकाळी मी परीक्षेचं पुस्तक घेऊन त्या खोलीत गेले तर डब्याच्या तळाशी काहीतरी वळवळत होतं. केसाच्या तुकड्याएवढं, पोटाला अजून पिवळा गोळा चिकटलेला, शेपटी नुसती थरथरत होती. शेजारचं अंडं हललं, फाटलं, आणि त्यातून दुसरं बाहेर आलं. मी ओरडले, "अंकल! लवकर या, लवकर!"

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. त्या घरात मी कोणाला असं हाक मारून बोलावलं त्याला खूप काळ लोटला होता, आईला वाटलं काही वाईट झालं. टोकेकर अंकल धावत आले. अर्ध्या गालाला साबणाचा फेस, हातात रेझर, चष्मा कुठेतरी राहिलेला. गुडघ्यावर बसले आणि डब्याला डोळे लावले.

"कुठे? मला दिसत नाही. कुठे आहेत?"

त्यांचा आवाज घाबरा झाला होता. मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांचं ओलं बोट धरलं आणि डब्याच्या भिंतीवर नेऊन टेकवलं.

"इथं," मी म्हटलं. "हे बघा. इथं."